बोट तुमचं नव्हतं

अहो,

तुमची मनाई आता संपली. दीड वर्ष मी त्या बंदुकीच्या दुकानाची पायरी चढले नाही, ती फक्त तुम्ही मला दारात अडवलंत म्हणून. पायात चपला घालून तयार होते मी. तुम्ही 'मॅडम' म्हणायचं सोडून 'तू'वर आलात आणि म्हणालात, "तुला माझी आण हाय. त्याच्या दुकानात जायचं न्हाई." तुमच्या तोंडून 'तू' निघालं की गंमत संपली, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी चपला काढून ठेवल्या. पण आण घालणारा माणूसच उठून गेल्यावर ती कुठवर पाळायची, हे कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी म्हणाले, मनात वैर ठेवू नका. मी हात जोडून ऐकलं. पुढच्याच रांगेत तो दुकानदार पांढरा शर्ट घालून बसला होता आणि डोळे पुसत होता. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तुमच्यासाठी लिहिलेल्या कागदावर त्याला जागा द्यायची नाही मला. पण वैराबद्दल म्हणाल तर ते मी ठेवलं आहे, जपून ठेवलं आहे, आणि तुम्ही रागावलात तरी ठेवणार आहे.

तुम्ही कसे गेलात ते तुम्हाला काय सांगायचं? सकाळी आरशासमोर दाढी करत होतात. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच होता, आणि तिथेच कोसळलात. शेजारच्या बायका म्हणाल्या, राहू द्या ताई, आता कशाला. मी ऐकलं नाही. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस अर्ध्या दाढीने घराबाहेर कसा पडेल? उरलेला गाल मीच केला. एकही जखम होऊ दिली नाही. हे तुम्हाला कळावं असं फार वाटतं.

आता भांडणाकडे येते. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे.

देवणीच्या बाजारात भाऊजींसाठी गोऱ्हा घ्यायचा तर तुम्ही काय काय करायचात, आठवतं? त्याला चालवून बघायचात, पळवून बघायचात, खूर उचलून बघायचात. विकणारा वैतागून म्हणायचा, "पाव्हणं, घ्यायचा हाय का लगीन लावायचं हाय त्याच्यासंगं?" तुम्ही हसायचात आणि पुन्हा एकदा चालवून बघायचात. आणि हाच माणूस बंदुकीच्या दुकानात गेला की मेणाचा व्हायचा. तो दुकानदार तुम्हाला बघून खुर्चीतून उठायचा, 'जय हिंद फौजी साहेब' म्हणायचा, चहा मागवायचा. बंदूक परत देताना लाल मखमली कापडावर ठेवून दोन्ही हातांनी द्यायचा. मग तुम्हाला वाटायचं, एवढ्या मानाने दिलेली वस्तू त्याच्यासमोर उघडून तपासली तर त्याचा अपमान होईल. फौजेतून आल्यावर स्वतःच्या परवान्याची बंदूक घेऊन बँकेत गार्ड झालात, तर फाटकाशी तुम्हाला 'ए वॉचमन' म्हणणारी माणसं भेटली होती. त्या एका दुकानात तेवढं 'साहेब' मिळत होतं. मला ते कळत होतं, म्हणून मी फार बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तुमची ती दुनळी बंदूक दोन हिवाळ्यांपूर्वी बिघडली. तुम्हीच म्हणालात, चाप लई हलका झालाय, आतला घोडा नीट अडकून राहत नाही. मी म्हटलं, लातूरला नेऊ, माझ्या भावाच्या ओळखीचा एक जुना मिस्त्री आहे. तुम्ही म्हणालात, "आपला माणूस सोडून लातूरला कशाला?" आपला माणूस! त्या आपल्या माणसाच्या दुकानात दुरुस्तीचं एक रजिस्टर आहे. त्यात दोन सह्या घेतात. एक बंदूक दुरुस्तीला दिल्याची, आणि दुसरी, 'बंदूक तपासून घेतली, काम समाधानकारक' याची. ही दुसरी सही बंदूक परत घेताना करायची असते. पण त्याने गोड बोलून दोन्ही सह्या पहिल्याच दिवशी घेतल्या. फौजी माणसाला दोन-दोनदा पेन धरायला लावू का, म्हणाला. तुम्ही केल्यात. त्याच्याकडे सगळेच तसं करतात, असं तुम्ही मला संध्याकाळी कौतुकाने सांगितलंत. भाजी निवडता निवडता मी ऐकलं आणि 'बरं' म्हटलं.

तीन आठवड्यांनी बँकेत ते झालं. तुम्ही जेवायच्या सुट्टीआधी खुर्चीवर बसलात, बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवला, आणि बार उडाला. छताचा तुकडा खाली आला. माणसं ओरडत बाहेर पळाली. पेन्शन घ्यायला आलेल्या एक आजी पळताना पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. कोणाला गोळी लागली नाही, हेच नशीब. त्या आजींच्या घरी तुम्ही किती महिने फळं घेऊन जात होतात! त्या तुम्हाला 'ये रं लेका' म्हणायच्या, आणि तुम्ही परत आल्यावर जेवणाचं ताट बाजूला सारायचात.

त्या संध्याकाळी घरी काय झालं, ते आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "चापाला माझं बोट नव्हतं. दस्ता टेकवला आन् उडाली." आणि मी काय म्हटलं? मी घाबरले होते, दिवसभर फोन वाजत होते, शाळेत सगळ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. हे मी कारण म्हणून सांगते, माफ करा म्हणून नाही. मी म्हटलं, "लागलं असेल बोट. वय झालंय आता तुमचं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत.  मग म्हणालात, "असंल."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जबाब देताना तुम्ही तेच लिहून दिलंत. बोट लागलं असेल. वय झालं आहे. माझी दोन वाक्यं, जशीच्या तशी. कबुली मिळाल्यावर बंदूक कोण उघडून बघतो? दुकानदाराने रजिस्टर दाखवलं, तुमची सही दाखवली, आणि तो मोकळा झाला. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने तुम्हाला काढून टाकलं. त्या आधीच घेतलेल्या सहीचा जाब विचारायला मी चपला घातल्या, तेव्हाच तुम्ही ती आण घातलीत. मग त्या कोचिंग क्लासच्या होस्टेलच्या फाटकावर काठी घेऊन उभं राहायची नोकरी. गल्लीतली पोरं तुम्हाला 'धुडूम काका' म्हणू लागली. तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. मी कधी हसले नाही, आणि त्या पोरांतल्या दोघांना मी वर्गात अजूनही पहिल्या बाकावर बसवते, नजरेखाली.

एवढं मला माहीत होतं. उरलेलं करीम मिस्त्रींनी सांगितलं.

करीमभाई म्हणजे त्या दुकानातले कारागीर. तुम्ही नेहमी सांगायचात की अख्ख्या नांदेडात बंदुकीचा असा हात कोणाचा नाही. पुण्यानुमोदनाला ते सगळ्यांत शेवटी आले, जेवले नाहीत, आणि लोक पांगल्यावर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. खाली बघूनच बोलत होते.

"भाभी, त्यो घोडा रोखून धरनारा तुकडा आतमंदी असतो, झिजला व्हता. म्या शेठला बोल्लो, नवा टाकावा लागतो. शेठ बोल्ले, मुंबईहून कधी येईल त्यो? कानस मार, तेल लाव, दे. म्या कानस मारली. कानस मारल्यानं त्यो आनखी लहान झाला. माज्या हातानं झालं, भाभी."

मी विचारलं, "हे यांना माहीत होतं?"

"साहेब दुसऱ्याच दिवशी आलते ना दुकानात, जबाब द्यायच्या अगुदर. शेठ पाय धरून रडले. परवाना जाईल, दुकान बंद पडंल, मिस्त्रीची लेकरं उपाशी मरतील. साहेब बोल्ले, ठीक हाय, मी माज्यावर घेतो. पर एक काम कर. माज्यासारक्या जेवढ्या गार्डच्या बंदुका तू दुरुस्त केल्यास, समद्या बोलावून उघड, तपास. शेठनं हात जोडून हो म्हनलं."

"मग? किती तपासल्या?"

करीमभाईंनी मान हलवली. एकही नाही. तुमचीसुद्धा नाही. ठाण्यातून बंदूक सुटल्यावर तुम्ही नवा तुकडा टाकायला म्हणून ती पुन्हा त्याच्याकडेच नेलीत ना? पॉलिश करून, मखमलीवर ठेवून परत दिली त्याने. आत तोच कानस मारलेला तुकडा होता. ती आपल्या कपाटात दीड वर्ष उभी होती, आणि त्याच कपाटातून मी रोज साडी काढत होते.

मला तुमचा किती राग आला म्हणून सांगू! खोटं बोलणार नाही हे शील रोज सकाळी तुम्ही मोठ्याने म्हणत होतात, मग ठाण्यात कोणासाठी मोडलंत? एका लबाड माणसाच्या रडण्यासाठी? आणि मला सांगितलंत का नाही? करीमभाई गेल्यावर मी तुमच्या फोटोसमोर बसून तुम्हाला जे काही बोलले ते शेजाऱ्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे. मग रडून झाल्यावर मला कळलं. तुम्ही मला खरं सांगितलंच होतं की. चापाला माझं बोट नव्हतं, असं सगळ्यात आधी मलाच सांगितलं होतं. मी मानलं नाही. ज्याचं घरात मानलं नाही, तो दुकानदाराच्या रडण्यापुढे कशाच्या जोरावर टिकेल?

माणूस गेला की त्याची परवान्याची बंदूक घरात ठेवता येत नाही. वारसाने ती ठाण्यात नाहीतर दुकानात जमा करायची असते. दुकानदाराने पुण्यानुमोदनाच्या दिवशीच निघताना मला हळूच सांगितलं होतं, "वहिनी, ठाण्यात बायामाणसानं चकरा मारायच्या म्हणजे त्रास. बंदूक माझ्याकडे आणून द्या. गिऱ्हाईक तयार आहे, एका नव्या गार्डला हवीच आहे." तेव्हा मी त्याला 'हो' म्हटलं होतं. करीमभाईंचं ऐकल्यावर ते 'हो' आठवलं आणि माझ्या अंगावर काटा आला. कोणातरी पोराच्या हातात तो हीच बंदूक देणार होता, पॉलिश करून.

मी ठाण्यात आधी कळवलं आणि बंदूक चादरीत गुंडाळून ऑटोने तिथे नेली. करीमभाई फाटकापाशी येऊन थांबले होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. जमा करून घेणारे हवालदार म्हणाले, "बाई, आमी फकस्त नंबर लिहून घेतो. उघडून बघायची पद्धत न्हाई." मी म्हटलं, "मग मी इथंच बसते." आणि बसले. तुम्हाला माहीत आहे मी बसले म्हणजे काय. दुपारी दोनला ठाण्याच्या साहेबांनी आत बोलावलं. दोन पंच आणले. करीमभाईंनी टेबलावर बंदूक खोलली, तो तुकडा चिमट्याने काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असेल. "ही कानस माझी हाय," ते म्हणाले. "नवा तुकडा कधीच टाकला न्हवता." साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही स्वतःलाच अडकवून घेताय, कळतंय ना?" करीमभाई म्हणाले, "कळतंय. लिहा." पंचनामा झाला. मी त्याची प्रत मागून घेतली.

आणि मग मी दुकानाची पायरी चढले. दिवस मुद्दाम एक तारखेचा निवडला. बँकांचे गार्ड त्या दिवशी बंदूक तपासल्याचा दाखला घ्यायला येतात, हे तुमच्यामुळेच मला माहीत होतं. पाचजण बाकावर बसले होते, बंदुका उभ्या धरून. दुकानदार एकेका दाखल्यावर शिक्का मारत होता. बंदुकीकडे बघतही नव्हता.

"या वहिनी, या. बसा, चहा सांगतो. बंदूक आणली?"

"बंदूक ठाण्यात जमा केली. उघडून. हा कागद वाचा. मोठ्याने वाचलात तरी चालेल."

त्याने वाचला, मनातल्या मनात. चेहऱ्याचा रंग उतरला, मग लगेच परत आला. "हे करीमचं काम आहे. मला न विचारता केलं त्यानं. आजच काढून टाकतो त्याला."

"ते कालच सोडून गेले. आता दुसरा कोणी शोधा."

मग त्याने तेच केलं, ज्याची मी वाट बघत होते आणि ज्याला मी घाबरतही होते. त्याने रजिस्टर काढलं. बाकावरच्या गार्डांना दिसेल असं उघडून धरलं. "ही फौजी साहेबांची सही. 'तपासून घेतली, काम समाधानकारक.' आणि ठाण्यातला त्यांचा जबाब? बोट माझंच लागलं असेल, असं साहेबांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. मेलेल्या माणसाला खोटं पाडताय वहिनी? त्यांच्या माघारी?"

ते पाचही जण माझ्याकडे दयेने बघायला लागले. नवरा गेलेली बाई, दुःखाने डोकं फिरलंय, असं. एकच गोष्ट बोलून ते उलटवता येणार होतं, आणि ती बोलले की तुमच्या नावाबरोबर माझंही नाव नांदेडभर फिरणार होतं. शाळेत तर जाणारच होतं. मी क्षणभर थांबले, हे कबूल करते. मग माझ्या तोंडून शाळेतली मराठी गेली आणि माहेरची आली.

"त्यो जबाब त्यांचा न्हाई. माझा हाय. त्यांनी घरी येऊन सांगितलं, बोट नव्हतं. म्या मानलं न्हाई. म्या म्हणले, बोट लागलं असंल, तुमचं वय झालं. त्यांनी ठाण्यात माझंच वाक्य लिहून दिलं. बायकोच इस्वास ठेवीना, तर त्या माणसानं दुसरं काय लिहायचं? आन् ही सही बंदूक दुरुस्तीला टाकतानाच घेतलीय तुमी. ह्या समद्यांची बी तशीच घेता. इचारा त्यांना."

 मग बाकावरचा सगळ्यात म्हातारा गार्ड उठला. त्याने बंदूक काउंटरवर आडवी ठेवली. "शेठ, माझी उघडून दावा."

"आत्ता? मिस्त्री नाही ना."

"मिस्त्री न्हाई तर मग शिक्का कसा मारून राहिलात?"

 तुम्ही ऐकायला हवं होतं ते. पाचही जणांनी आपापले दाखले काउंटरवरून उचलले आणि आम्ही सगळे मिळून पुन्हा ठाण्यात गेलो. पुढे पोलिसांनी त्याच्याकडे दुरुस्त झालेल्या बंदुका मागवल्या, उघडल्या. त्यांतल्या दोन तुमच्यासारख्याच निघाल्या. त्याच्या परवान्याला नोटीस लागली आहे. तो मोठा वकील लावेल, वर ओळखी काढेल, कदाचित सुटेलही. मी प्रत्येक तारखेला जाणार आहे. रजा उरली नाही तर बिनपगारी जाईन. त्याला वाटत असेल ही बाई थकेल. त्याने मला तुमच्याबरोबर बत्तीस वर्षं बघितलेलं नाही.

कालच तो घरी आला होता. दारातच वाकला, रडला, माफ करा म्हणाला. तेच रडणं असणार, जे त्याने तुमच्यापुढे रडून दाखवलं होतं. मी दार लावून घेतलं. तुम्ही असता तर त्याला आत घेऊन पाणी दिलं असतं, मला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही गेलात आणि तो फिरतो आहे.

शाळेत आता सगळ्यांना कळलं आहे, मी त्या संध्याकाळी काय बोलले ते. काही बाई माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. ते माझ्या वाट्याचं आहे, मी घेते.

राहिलं तुमचं माझं. तुमची माफी मी जिवंतपणी मागितली नाही, कारण तुम्ही खरं सांगत होतात हे मला माहीतच नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची मी तसदीही घेतली नव्हती. आज मागते. पण एक ऐका. तुमची जुनी खोड आहे, समोरचा रडला की लगेच 'जाऊ द्या' म्हणायची. या वेळी तसं करू नका. मला लगेच माफ करू नका.